बिनबियांच्या गावात

अर्जाच्या पहिल्याच ओळीत शब्द होता: बीजनिधी.
यास्मिन कोकणी हसली.
"नाशकात बी मागतोय आपण?
इथं मण्यात बी निघाली
तर व्यापारी गाडी परत पाठवतो."

दोन विद्यापीठं. मध्ये तारेचं कुंपण,
एक नाला, सुबाभळीची वेडीवाकडी रांग.
त्यांच्याकडे माणसांची फुप्फुसं,
आमच्याकडे वेलींची मुळं.
माझ्या खिडकीतून त्यांच्या टाकीवरचा कावळा दिसतो,
पण पत्र जायचं तर आधी कुलसचिव,
मग आवक-जावक, मग पोस्ट,
आणि नवव्या दिवशी उत्तर:
सोबतचे जोडपत्र आढळून आले नाही.

तीन लाख वीस हजार. दोघींत. वर्षभरासाठी.
मुख्य संशोधकाचा रकाना एकच.
तिनं माझं नाव लिहिलं, मी खोडून तिचं.
शेवटी लेखा विभागातले निरगुडे म्हणाले,
"मॅडम, नाणं उडवा,
पण शुक्रवारपर्यंत मला एक सही द्या."
नाणं माझंच होतं. पडलं तिच्या बाजूनं.

पैसे आले वीस मार्चला.
एकतीसच्या आत निम्मे खर्ची पडायला हवेत.
अकरा दिवसांत बुरशी किती वाढते
ते आम्हाला ठाऊक होतं;
कोटेशन किती वाढतं, ते नव्हतं.

शीतपेटी म्हणून कुल्फीवाल्याचा थर्माकोलचा डबा,
माझ्या स्कूटरवर, दोरीनं करकचून.
दिंडोरीच्या अलीकडे जनार्दन बोरस्त्यांची बाग.
ओळीगणिक चमचाभर माती.
ते मागून सांगत येत होते,
"खाली डॉगरिजचा खुंट, वर थॉमसन.
मुळं एकाची, माल दुसऱ्याचा.
जोड धरेपर्यंत पट्टी सोडायची नाही."
यास्मिननं तेही नमुन्यांच्या वहीत लिहिलं,
क्रमांक न घालता.

"भुरीवर काय मारता?"
पाढे म्हणावेत तशी त्यांनी नावं म्हटली.
शेवटच्या तीन नावांशी तिचं पेन थांबलं.
त्यांचीच चुलत भावंडं तिच्या वॉर्डात
थेंब थेंब उतरतात नळीतून,
ज्यांना श्वास पुरत नाही त्यांच्या मनगटात.

गेटवर लोखंडे.
"डब्यात काय?"
"बुरशी. बागेतली."
"आणि ह्या दुसऱ्यात?"
"तीच. माणसातली."
त्यांनी दोन्ही एकाच ओळीत नोंदवल्या.
वेळ: चार दहा. कारण: भेट.

आमची उबवणपेटी बंद, म्हणून तिच्याकडे.
चौथ्या दिवशी दोन बशा शेजारी शेजारी.
मध्ये औषधाची चकती,
भोवती मोकळं कडं पडायला हवं होतं.
डावीकडे बोरस्त्यांची सहावी ओळ,
उजवीकडे खाट क्रमांक चौदा.
दोन्हींत राखी-हिरवी मखमल
चकतीच्या काठापर्यंत आलेली,
उजवीकडे तर चकतीवरही.

पेपर होईल, असं माझ्या मनात आलं.
आलं, हे खरं.
तिनं हातमोजे उतरवले, वॉर्डला फोन लावला,
औषध बदला म्हणायला.
मग नुसतं ऐकत राहिली.
"हो," म्हणाली. "हो. कधी?"

पुढच्या मार्चात अहवाल.
निष्पत्तीच्या रकान्यात मावतात पन्नास शब्द.
एका बागेवरून आणि एका खाटेवरून
काही सिद्ध होत नाही, एवढ्यातच चाळीस संपले.
बोरस्ते स्वतः आले होते ऐकायला.
"मग फवारू नको का?"
दोघी एकदमच बोलायला लागलो,
दोघी एकदमच थांबलो.

जाताना त्यांनी पिशवी ठेवली टेबलावर.
विहिरीवर चढलेली जुनी भोकरी.
"बियांची आहे. कोण घेत नाही.
घरी खातो आम्ही."

अहवालाच्या कच्च्या प्रतीवर
बियांची ढिगली साचत गेली,
तिच्या कोणत्या, माझ्या कोणत्या, कळेना.
निरगुडे सही न्यायला आले.
बियांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं.
"ह्याचं बिल जोडलंय ना?"